मानस

पहाटे तीनला मी उठते आणि समुद्र मोजते.
फोनमध्ये. दोन हजार पन्नासचा नकाशा आहे,
बोटाने वाढवला की चोडण निळं होत जातं:
आधी खाजन, मग माडांची रांग, मग शाळा,
मग आमच्या घराचा तोच कोपरा
जिथे बसून मी हा नकाशा बघतेय.
दिनानाथ कूस बदलून विचारतो, किती आलं?
दूध उतू जाण्याबद्दल विचारावं तसं.
मी म्हणते, पायऱ्यांपर्यंत.
तो म्हणतो, मग झोप.

दिवसा मी पंचायतीत कारकून.
बांधाचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात:
खांड पडायची भीती आहे, माती तातडीने हवी,
खाली सतरा सह्या, दोन अंगठे.
मी आवक क्रमांक घालते, शिक्का मारते,
आणि हात तिथेच थांबतो.
उत्तरेचं बर्फ पाणी होतंय
आणि ह्यांना तीन होड्या चिखल हवाय!
फाइल ढिगात खाली सरकते.
हा आळस नाही, मी स्वतःला बजावते,
आळशी माणसाला झोप लागते.

पुस्तकात मानस म्हणजे मन.
इथे मानस म्हणजे बांधातलं दार:
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला उघडतं.
ज्युलियांव ते सांभाळतो. काम एवढंच,
फळ्यांच्या मध्ये काही अडकू द्यायचं नाही,
ओंडका, बाटली, कुणाची चप्पल.
एकदा मी त्याला नकाशा दाखवायला गेले.
त्याने डोळे दुसरीकडे वळवले,
पाण्यात शिंक्यासारखं लोंबणारं शेवाळ काढत म्हणाला,
"म्हाका दाखोवं नाका, बाये."
मला वाटलं, अडाणी.
त्याची बोटं थरथरत होती ते मी पाहिलं,
आणि घरी येईपर्यंत विसरले.

भाद्रपदातली अमावस. उधाण.
अख्ख्या गावात मी एकटी जागी होते,
आणि मलाच ऐकू आलं नाही.
इगर्जीची घंटा वाजली तेव्हाही वाटलं
फोनच वाजतोय.
इतक्या वेळा बुडून झालं होतं
की खरं पाणी आलं ते उशिरा आल्यासारखं.

बांधावर टॉर्चचे तुकडे. गुडघाभर काळोख.
आल्सिना, जी म्हणते हवामान-बिवामान सगळ्या टीव्हीच्या गजाली,
तिच्या डोक्यावर रेतीचं पोतं.
शाबलो, ज्याने खाजन विकायला काढलंय,
खांडीत छातीपर्यंत उभा, खुंट धरून.
कुणीतरी माझ्या हातात घमेलं दिलं.
मी ते पुढे दिलं.
दुसरं आलं.
काय होणार, हे विचारायला श्वास उरत नव्हता,
फक्त पुढचा हात कुठे आहे, एवढंच.

आता ही गोष्ट गोड करून सांगता येईल.
पण खांड पहाटे पुन्हा सुटली.
सहा कुणग्यांमधला कोरगुट खारात जळाला,
आणि कोरगुट तर खार सोसणारं भात.
आल्सिना अजून तेच म्हणते.
मी दहाला ऑफिसात पोचले, नखांत चिखल,
ढिगाच्या तळातून फाइल काढली.
अर्जावरची तारीख वैशाखातली होती.
सतरा सह्यांत पहिली
वाकडी, मोठी, शाईने जाड झालेली: ज्युलियांव.
नकाशा न बघताही त्याला कळलं होतं.
मी पाहिला होता आणि
शिक्का मारला होता.

अजून पहाटे तीनला जाग येते.
बऱ्याच रात्री नुसता फोनच उघडते, खोटं कशाला बोलू.
पण काल दिनानाथने झोपेत विचारलं, किती आलं?
मी पायात चपला सरकवल्या,
टॉर्च घेतली.
म्हटलं, थांब,
बघून येते.