शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळा,
व्हॉल्व्हच्या कारखान्यात, गेटाशेजारच्या खोलीत
मी लोकांचं काम न करणं लिहीत होतो.

काम केलं त्याला नुसता ह.
न करण्याला मात्र अक्षरं पुरायची नाहीत:
कि म्हणजे किरकोळ, आ म्हणजे आजारी,
सासु म्हणजे साप्ताहिक सुट्टी
(शिकाऊ पोरं हसायची, पहिल्या वर्षी मीही हसलो असेन)
आणि खा. खाडा. लाल शाईत.

शब्दालाही पगार असतो हे तिथं कळलं.
तोच मंगळवार, तोच ताप, तीच चटई;
अर्ज आधी आला तर रजा,
मागाहून आला तर खाडा.

वीज गेली की खोळंबा.
ऑर्डर नसली की ले-ऑफ, म्हणजे अर्ध्या पगाराचा आराम,
ज्यातून माणसं घरी बसून बसून दमून परत येत.
मालकानं कुलूप लावलं तर टाळेबंदी,
आपण हात खाली ठेवले तर संप.
शेडमधली शांतता दोन्ही वेळा सारखीच.
कबुतरंही तीच.

आणि ब्रेक.
कंत्राटी रोहिदासला दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी
ब्रेक दिला, तेव्हा तो म्हणाला,
साहेब, किती मिनिटांचा?
मी त्याला चहाचं कुपन दिलं.
मस्टरात त्याची ओळ तिथंच थांबली,
पुढचे चौकोन महिनाअखेरपर्यंत कोरे.

बाकीचे शब्द गेटाबाहेरून यायचे.
पॅकिंगमधली शालन घुगे: उसंत न्हाई ओ.
तिच्या तोंडून तो शब्द मी कायम ‘न्हाई’सकटच ऐकला.
सुटी उसंत कुणी पाहिली आहे का?
डुलकी लागते, पेंग येते, डोळा लागतो,
झोपेचं सगळं आपोआप;
सवड मात्र काढावी लागते,
कुठून, ते कुणी सांगत नाही.

वामकुक्षी फक्त मॅनेजर करत,
केबिनला आतून कडी लावून.
तेच भट्टीमागे मढवीनं केलं
तर त्याला झोपा काढणं म्हणत आणि मेमो देत.
मेमो मीच टाइप केला.
एका माणसाच्या एका दुपारीला अनेकवचन का,
विचारलं नाही.

धर्मा मढवी, रबाळ्याचा. सळया उतरवता उतरवता म्हणायचा,
थांब रं, दम खाऊ दे.
खाऊ दे. जणू डब्यातून आणलाय.

आता मी कोलशेतला, चौथ्या मजल्यावर.
शेजारी म्हणतात, तुम्ही बरे निवांत.
बायको म्हणते रिकामे,
घासून पालथ्या घातलेल्या पातेल्याला म्हणावं तसं, रागानं नाही.
सकाळी आठला मी इस्त्रीचा शर्ट घालून बसतो.
पेन्शनच्या कागदावर छापलंय ‘निवृत्त’.
एवढा जोडाक्षरी शब्द,
आणि दिवसभर पुरत नाही.

गेल्या गुरुवारी मढवी गेला.
घर ते स्मशान फार लांब नाही.
मध्ये कंपनीच्या भिंतीलगत, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे,
कुणी म्हणालं, विसावा,
आणि तिरडी खाली ठेवली.
पुढचे मागे झाले, मागचे पुढे.
पलीकडे कुठल्याशा शिफ्टचा भोंगा झाला.

मला वाटायचं विसावा त्याला असतो.
नव्हता. खांद्यांना होता.
तो नुसता थांबला होता आमच्यासाठी,
आणि आम्ही सगळे, त्याच्या मुलासकट,
उन्हात उभं राहून दम खात होतो.

माझा हात आपसूक खिशाशी गेला.
पेन होतं. लाल.

मग म्हणाले, उचला.
मी डावा खांदा दिला.