भाग दोन

सातपूरची दुसरी पाळी बुडवून गेलो,
मी, निवृत्ती आणि मोईज.
अकरा वर्षं थांबलो होतो.

पहिल्या भागात त्या यंत्रमानवाचा
डावा गुडघा अडकायचा.
जिना चढताना तो कठडा धरायचा
आणि अख्खं थिएटर श्वास रोखून.
मोईज तेव्हा ओरडला होता,
बेअरिंग गेलंय रे त्याचं, ग्रीस द्या कुणीतरी!

आता त्याला पंख दिलेत.
तीन शहरं पडली, चंद्राचा टवका उडाला,
मेलेला शास्त्रज्ञही परत आला
जुळ्या भावाची सबब सांगत.
कुणाच्या अंगावर धूळ नाही.
एवढं लोखंड एवढ्या जोरात आदळतं
आणि खुर्ची हलत नाही.
आम्ही रोज प्रेसवर असतो, आम्हाला कळतं.

मध्यंतरानंतर निवृत्ती घोरायला लागला.
शेवटी तिसऱ्या भागाचं आवतण,
आणि पुढच्या रांगेतलं पोरगं,
"पप्पा, तो लंगडा कुठंय?"

त्र्यंबक रोडला चहा घेतला.
शिव्या घालायचाही कुणाला उत्साह नव्हता.
मोईज उठला
तेव्हा त्याचाच गुडघा कटकन वाजला.
टेबल धरून तो तसाच उभा,
आणि आम्ही दोघं
श्वास रोखून.