व. नव्हे, वै.

देवपुरात, पांझरेच्या पुलावरून वर आलं की
झेरॉक्सची तीन दुकानं सोडून चौथं माझं.
प्रबंध टायपिंग, सेटिंग, बाइंडिंग.
पानाला बारा रुपये.
संदर्भ मात्र नगावर मोजतो,
कारण माणसं तिथेच रडकुंडीला येतात.

परवा एक आली. यामिनी भदाणे, गाव कापडणे.
पेन ड्राइव्हला लाल गोंडा, दोनशे चौदा संदर्भ,
आणि शुक्रवारी जळगावला जमा करायचं.
सरांनी म्हणे ऐन वेळी शैली बदलली,
आधी तळटीपा होत्या,
आता कंसात आडनाव, साल.
“भाऊ, व्हयी ना परवापावत?”
व्हयी, म्हटलं. बस.

सॉफ्टवेअर तसं गुणी आहे.
यादीतून शैली निवडायची, बोट दाबायचं,
की दोनशे चौदा माणसं
एका दमात उठून जागा बदलतात.
साल मागून पुढे येतं,
गावाचं नाव गळून पडतं,
पहिला सोडून बाकीचे ‘व इतर’ होऊन
मागच्या बाकावर जाऊन बसतात.

पण आपली भाषा त्याच्या अंगवळणी नाही.
ग्रंथाचं नाव तिरपं कर म्हटलं
की देवनागरी अशी कलंडते,
जशी वावधनानंतर रावेरकडची केळी.
ती मी हाताने उभी करतो, एकेक खांब.
पाटबंधारे विभागाला ते माणूस समजलं
आणि लिहून मोकळं झालं: विभाग, प.
“हा कोण?” यामिनीने विचारलं.
असेल एखादा बदलीवर आलेला, मी म्हटलं.
ती हसली. त्या दिवसातलं पहिल्यांदा.

नावाचं पहिलं अक्षर घे म्हटलं तर
ते अक्षर घेतच नाही, नुसता खांब घेतं.
कौशल्येची क. उरते.
सुभद्रा स., सीताराम स.,
काना-मात्रा कुठल्या चारीला वाहून जातात
कुणास ठाऊक.

रात्री साडेदहाला, पंखा बंद करून
(त्याच्या वाऱ्याने कागद उडतात)
खाली खाली येत एकशे सत्याऐंशीवर थांबलो.
सोनगिरे, व. (१९८९). पांझराकाठची फड बागायत.
अप्रकाशित लघुप्रबंध.

तिनेही वाचलं. मग दाराबाहेरच्या पाटीकडे पाहिलं.
“भाऊ, हाऊ तुम्हीच शेतस का?”
मी प्रिंटरचा ट्रे ओढून कागद सारखे केले.
ते आधीच सारखे होते.

साल चुकलं होतं. अठ्ठ्याण्णव पाहिजे.
एकोणनव्वद साली मी न्याहळोदच्या बंधाऱ्यावर
वडलांना डबा पोचवत होतो.
ते पाटकरी. म्हणायचे,
शेवटच्या वावरात पाणी दिसल्याशिवाय
पाटकऱ्याने भाकर सोडू नये.
लघुप्रबंधाच्या नकाशातल्या चाऱ्या
मी निळ्या शाईने काढल्या होत्या.
एकच प्रत. मोठा प्रबंध राहिला.
‘अप्रकाशित’ हा शब्द तेवढा बरोबर होता.

शैलीची फाइल उघडली. आत नुसते कोनकंस,
एकात एक, जसे बांधात बांध.
नाव तोडणारी ओळ शोधून काढली, पुसली.
आणि एकदम सगळे आले,
कौशल्या आली, सुभद्रा, सीताराम,
त्यांच्यामागून एक वैजनाथ.
“पण सरांना आद्याक्षरंच लागतात,” यामिनी म्हणाली.

मग हाताने. कौ. सु. सी.
वरून सुरू केलं असतं तर दम
मध्येच गेला असता, म्हणून शेवटाकडून,
ह पासून उलटं, वर वर.
माझ्या जागी आलो तेव्हा
वै. लिहून साल बदललं
आणि पुढच्यावर गेलो.

पहाटे पाच चाळीसला छापलं.
बिल तिने दोनदा वाचलं.
“दोनशे तेराचं शे हाई. चौदा ना?”
एक आधीपासून बसलेला होता, म्हटलं,
आणि गोंडा धरून पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला.