छेद

अठरा नावं आहेत वहीत.
अकरा चिसी बेटावरची,
चार कचुलूच्या धक्क्यावर मासळी वाळवणारी,
आणि उरलेल्या तिघांच्या पत्त्याच्या रकान्यात
माझ्याच अक्षरात, नुसतं: पाणी.

कारण ते राहतात चिल्वा सरोवरावरच.
पाणगवताचे भारे कापून, एकावर एक दाबून
केलेली जमीन, तिच्यावर झोपडी, मधे चूल.
मासा सरकला की घरही सरकतं.
काल बेटाच्या अंगाला होतं
ते आज लव्हाळ्यांच्या पलीकडे.
झिंबोवेरा म्हणतात या घरांना.
नकाशात ती नाहीत,
आणि नकाशाला तरी काय बोलणार.

झोंब्याच्या कचेरीतून डॉक्टर कालुवांचा निरोप:
फालेसी, बेटाची माणसं कागदावर आहेत, बाजाराचीही.
पाण्यावरचे तीन कळले.
तीन, कितीतले?

अंश वर, छेद खाली, मधे आडवी रेघ.
चौथीत शिकले होते, मिशनच्या शाळेत,
तेव्हा वाटायचं खालचा आकडा कुणीतरी देतंच.

अंश शोधावा लागत नाही.
कॉलऱ्याचा रोगी आपणच सापडतो:
पेजेच्या निवळीसारखे जुलाब, खोल गेलेले डोळे,
चिमटीत धरलेली कातडी
सोडली तरी तशीच उभी.
छेद शोधायचा
ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्यात,
आणि त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नाही.
जाळी ओढायची असतात.

एकाला विचारलं, पाणी कुठलं पितोस?
त्याने हात बुडवून दाखवला.
आणि परसाकडला?
हात पुसलासुद्धा नाही.
तोच हात, त्याच बाजूला.
छापील प्रश्नावलीत या दोन प्रश्नांमध्ये
तीन पानांचं अंतर आहे.

बिझविक म्हणाला, दिवसा नको.
दिवसा कुणी घरी नसतो.
संध्याकाळी सगळ्यांनाच भूक लागते,
तेव्हा धूर मोज.

म्हणून होडी मधोमध आणली.
त्याने बांबू चिखलात रोवला, होडी थोडी फिरून थांबली.
पायाशी बर्फाचा डबा, त्यात नमुन्यांच्या बाटल्या,
बर्फ निम्मा उरलेला.
मोजायला लागले.
एक्केचाळीसपर्यंत आले आणि वारा फिरला,
दोन धुरांचा एक झाला.
पुन्हा पहिल्यापासून. शेहेचाळीस.
पुन्हा. चव्वेचाळीस.
डास तोंडात जायला लागले.

चव्वेचाळीस लिहिलं, पुढे गुणिले तीन,
कारण चुलीमागे तीन माणसं असं बिझविक सांगतो,
आणि चहाच्या तराफ्यावर किती झोपतात
ते चहावाल्यालाही ठाऊक नाही.
बाजूला 'सुमारे' लिहिलं,
इतकं बारीक की कालुवांना चष्मा शोधावा लागेल.

परतताना त्याने विचारलं,
तुझ्या त्या रेघेच्या हिशेबात मी कुठे?
खाली, मी म्हटलं. सगळे खालीच असतात.
त्यातले काही वर जातात.

लायसन वर आहे?
हो.
म्हणजे खालून वजा झाला.
नाही, मी म्हटलं. वर गेला
तरी खाली मोजायचाच असतो.
नाहीतर गणित चुकतं.

बराच वेळ नुसता बांबूचा आवाज,
चिखलातून निघताना होतो तो.
मग थांबला. डावीकडे लव्हाळ्यांच्या कडेला
एक तराफा होता, अंधारात अंधारासारखा.
मला तो दिसलाच नव्हता.

लायसनचा, तो म्हणाला.
दोघं सोबती होते त्याचे, परवा घाबरून किनाऱ्याला गेले.
चूल पेटलेली नाही.
ती धरलीस का?

खोडरबर कचुलूलाच राहिलं होतं.
टॉर्च दातात धरून
चव्वेचाळीसवर रेघ मारली,
वर लिहिलं पंचेचाळीस.