जादा पान

उद्यमनगरात, दस्तगीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
माझी जुनी जिप्सी चार घोड्यांवर उभी.
चाकं काढलेली, पाटे उघडे,
यू-बोल्टला गगनबावड्याची तांबडी माती.

"किती उचलू, डॉक्टरबाई?"
मी वीतभर दाखवली.
"लय उंच केली की वळणाला कलंडती.
दोन इंच. म्होरं हाव."

गेल्या महिन्यात धनगरवाड्याच्या चढाला
दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर पोट टेकलं गाडीचं.
उरलेली वाट बॅग घेऊन चालत गेले.
म्हैस वाचली. रेडकू नाही.
हे त्याला सांगितलं नाही.
त्यानं पाट्यात एक जादा पान घातलं,
ब्रेकची नळी लांबवली,
आणि शेवटचा बोल्ट आवळताना स्वतःचे ओठही.

दांडगे टायर चढले तसा म्हणाला,
"आता काटा खोटं बोलंल हं.
साठ दाखवंल तवा गाडी चौसष्टनं पळती.
किलोमीटरबी कमीच मोजंल."

शिरोली नाक्यापर्यंत चालवून बघितली.
स्टिअरिंग जरा जड.
परत चढताना गुडघा कुरकुरला.

भत्त्याच्या वहीत आता
गेले त्याहून थोडं कमीच पडेल.
पडू दे.
ते चालत गेलेलं तरी
कुठं लिहिलं होतं.