टिंबाआधीचं शून्य

मे महिन्याचा तिसरा आठवडा.
धंतोलीत रस्त्याचं डांबर चप्पल धरून ठेवतं.
मी काचेच्या दारातून आत येते
आणि पाठीवरचा घाम एकदम गार पडतो,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

कॉलेजात आम्ही एका रबरी माणसाला
बावीस वेळा जिवंत केलं होतं.
त्याची छाती दाबली की टिक्‌ वाजायचं, म्हणजे बरोबर.
त्याची बायको बाहेर बसलेली नसायची
मांडीवर स्टीलचा डबा घेऊन.

बेड चार. भोजराज हेडाऊ, वय एक्केचाळीस.
कळमन्याच्या बाजारात आंब्याच्या पेट्या उतरवता उतरवता
ट्रकच्या सावलीतच कोसळला.
आणला तेव्हा ताप एकशे सहा.
काखेत बर्फ, जांघेत बर्फ,
नळ्या, तारा, आणि डाव्या मनगटावर गोंदलेलं
आईचं नाव.

उईके सिस्टरकडे मला दिलंय बारा आठवड्यांसाठी.
सत्तावीस वर्षं याच कामात. चष्मा दोरीला.
पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या,
"घाबरली तरी चालते. घाबरून पळाली तर नाही चालत."
मग बेडशीटचा कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं.
मला वाटलं होतं, आधी व्हेंटिलेटर शिकवतील.

रात्री पावणेतीन.
भोजराजचं बीपी पायऱ्या उतरत निघालेलं.
कागदावर डॉक्टरांचं घाईतलं अक्षर:
पंप ताशी पॉइंट पाचने वाढवा.
ते टिंब कागदाच्या निळ्या रेघेवर पडलेलं,
रेघेनं गिळलेलं.
मी पाच वाचलं.
पाच दाबलं.
हिरव्या बटणावर बोट जाणार
तर तिथं आधीच एक बोट होतं,
नखाला हळदीचा डाग असलेलं.

"काहून वं, किती म्हणते कागद?"

मी कागद वाचला. परत वाचला.
माझ्या कानात सगळे अलार्म एकदम बंद झाले.

त्या ओरडल्या नाहीत.
आकडा त्यांनी माझ्याकडूनच बदलून घेतला,
डॉक्टरांना उठवून कागदही नव्यानं लिहायला लावला.
मग एक फॉर्म पुढ्यात ठेवला:
हुकलेल्या चुकीची नोंद.

"पण सिस्टर, झालं तर काहीच नाही."
"म्हणूनच लिही. झालेलं तं सारेच लिहितात."

मी माझं नाव लिहिलं.
डिग्रीवर छापलेलं होतं, त्याहून स्पष्ट.
हात थांबत नव्हता, थरथरायचा.
त्यांनी तो धरला नाही,
फक्त पेनाचं टोपण उचलून ठेवलं.

चहाच्या वेळी, थर्मासच्या झाकणात
मला अर्धा चहा देत म्हणाल्या,
"नुसतं टिंब कोणी पाहत नाही, पोरी.
त्याच्या आधी शून्य लिहायचं.
शून्याची किंमत काही नसते,
पण ते उभं असलं
की टिंब दिसते."

सकाळी सातला दाराबाहेर
भोजराजच्या बायकोनं विचारलं, आता किती?
मी म्हणाले, एकशे एक,
मग थांबून, जरा जास्तच जोरात,
पॉइंट चार.
ती हसली की नाही, कळलं नाही.
तिनं डबा उघडून पाहिला आणि पुन्हा लावला.

अजनीतल्या खोलीवर कूलर घरघरतो.
शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली
आणि मी झोपेत उठून
हात धुवायला निघाले.
पवनीहून आईचा फोन: जेवली का?
शिकवतात का नीट?

शिकवतात, म्हटलं.
आज काय शिकली?

वही उशाशीच होती. पहिल्या पानापासून
मी आकडे शोधत गेले,
जिथं जिथं टिंब एकटं सापडलं
तिथं थांबले,
आणि त्याच्या डावीकडच्या मोकळ्या जागेत
एक शून्य काढलं.

"ऐकते का?" आई म्हणाली.

हो. ऐकतेय.