मापाडी

महाप्याला, चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
मी दोन वर्षं मूत्रपिंडांच्या कडा काढत होते.
माउसने, एकेका कापावर.
एका माणसाचे ऐंशी-नव्वद काप.

निरोगी मूत्रपिंड सोपं. घेवड्याचा दाणा,
दीडशे मिली, चहाचे दोन कटिंग.
आजाऱ्याला कड नसते.
नुसते फुगे, फुग्यांना चिकटून फुगे,
वाशीचे धारण तलाव वरून दिसावेत तसे,
एकाचं पाणी कुठे संपतं नि दुसऱ्याचं कुठे लागतं
खोदणाऱ्यालाही सांगता येऊ नये.
वरून यकृत टेकलेलं, त्यातही फुगे.
तिथे हात थांबायचा.

हे सगळं एका यंत्रासाठी.
त्याने माझी रेघ बघायची, आपली काढायची,
किती चुकली ते मोजायचं, पुन्हा काढायची.
हजारदा. न कंटाळता.
मला चाळीस मिनिटं लागायची, त्याला आता सहा सेकंद.

अण्णा कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते.
विकणारा, घेणारा, दोघं तोंडाकडे बघत,
अण्णा ढिम्म:
काटा थांबल्याबिगर आकडा बोलायचा न्हाई.
त्यांच्या पोटात काय भरत होतं
ते कुणी तोललं नाही.
पट्टा दोन भोकं पुढे सरकला,
आई म्हणाली, सुखाचं पोट.

फायलीवर नाव नसतं. वय, गाव, सगळं पुसलेलं.
तीनशे अठरा, एवढंच.
तीनशे अठराची डावी अकरावी फासळी वाकडी जुळली होती.
अठ्ठ्याण्णव साली थप्पी कोसळून पोतं अंगावर आलं,
त्यावरची आंबेहळद मी उगाळली होती, तिसरीत असताना.

ओळखीचं निघालं तर कळवायचं, असा नियम.
मी कळवलं नाही.
चव्वेचाळिसाव्या कापावर, यकृताशी,
तीन फुगे रेघेबाहेर ठेवले.
असतीलही यकृताचे.
मापाड्याच्या मुलीने बापाला झुकतं माप दिलं.
यंत्राने ते वाचलं.

सातशे फायलींत एक, डॉक्टर पिंटो म्हणतील,
काय फरक पडतो!
गाडीभर मालात एक कांदा.
पण कुठला ते मला माहीत आहे.

आता मी नेरूळला, हॉस्पिटलातच,
यंत्राने काढलेल्या रेघा तपासते.
परवा अण्णांचा दुसरा स्कॅन.
दोन हजार सातशे चाळीस.
फारसं वाढलं नाही, पिंटो खुशीत,
नवी गोळी इतक्यात नको, म्हणाल्या.

मी यकृताशी गेले.
रेघ तिथे आत वळली होती,
अगदी माझ्यासारखी,
जराशी घाबरत.
कोण शिकवणार दुसरं?
तिन्ही फुगे बघत बसले बराच वेळ.
मग माउस धरला, रेघ बाहेर ओढली.
आकडा चढला. पुन्हा चढला.
पिंटोंना हाक मारली, तीनशे अठराचंही सांगितलं.
त्या काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या.

बाहेर बाकावर अण्णा.
शर्टाची खालची दोन बटणं उघडी, बसत नाहीत म्हणून.
किती भरलं गं?
काटा हलतोय अजून, म्हटलं.
माझ्या हातात माझाच केसपेपर होता,
मंगळवारची तारीख घातलेला.
त्यांनी तो चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला,
मग सरकून बसले,
शेजारी जागा केली.